हाळी नावाचं ॲप

खुटबावच्या पुढं ओढा ओलांडला की माळवस्ती लागते. बारा-तेरा घरं, घरागणिक गोठा आणि तिन्ही अंगांनी ऊस. वस्तीच्या अगदी टोकाला बिरदेवचं घर. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. बिरदेवनं ती विकून विहीर पाडली आणि तो कायमचा शेतकरी झाला. पण उभ्या तरुणपणात रानोमाळ हिंडून कमावलेला आवाज काही गेला नाही. ओढ्याच्या अल्याड उभं राहून त्यानं हाळी दिली की पल्याड खुरपणाऱ्या बायका माना वर करायच्या.

त्याची लेक गौतमी. दौंडच्या कॉलेजातनं बीसीएस झाली आणि सणसवाडीला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागली. दिवसभर भोकांचे व्यास मोजायचे, चुकलेला माल लाल ट्रेमध्ये टाकायचा आणि वहीत सही करायची. दोन पोरींबरोबर भाड्याची खोली होती. सुट्टीला ती गावी यायची. कॉम्प्युटर शिकून हातात मोजमापाचं गेज धरायची वेळ आली याची तिला खंत होती, पण ती घरी कधी बोलली नाही. आईबापाला लेक कंपनीत आहे याचंच कौतुक.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत बिबट्यानं त्यांच्या गोठ्यातली कालवड ओढून नेली. सुट्टीला आल्यावर गौतमीनं गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मागं मागं सरकवत वाचला. सकाळच्या फुलांच्या फोटोंमध्ये, लग्नपत्रिकांमध्ये आणि 'ट्रॅक्टर विकणे आहे'च्या जाहिरातींमध्ये कुणीतरी एक ओळ टाकलेली होती: माळवस्तीकडं बिबट्या गेलाय, जपून. कालवड जायच्या दीड तास आधीची ती ओळ होती. निरोप वेळेवर आला होता. तो कुणाच्या नजरेस पडला नव्हता, एवढंच.

त्या दिवशी तिनं ठरवलं की या एका निरोपासाठी वेगळी जागा करायची, जिथं दुसरं काहीच येणार नाही.

चार महिने ती खोलीवर बसून ॲप बनवत होती. सुट्टीला घरी आली की ते सविताच्या हातात द्यायची. सविता म्हणजे तिच्या चुलत भावाची, शंभूची बायको. दोन्ही घरांना अंगण एकच. सविता आठवीपर्यंत शिकलेली, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघीण. तिला आवडलं तर सगळ्या वस्तीला आवडेल, हे गौतमीला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या वेळी सवितानं फोन हातात घेतला आणि लगेच परत दिला.

"ह्ये नाव इचारतंय, नंबर इचारतंय, वर आन् कसला वोटीपी मागतंय. तवर बिबट्या जेवून जाईल की ताई."

गौतमीनं नाव काढलं, नंबर काढला, ओटीपी काढला.

दुसऱ्या वेळी सविता म्हणाली, "बटण केवढंसं हाय. माझ्या हाताला श्याण असतंय, न्हाईतर पाणी. मी कुठं नेम धरत बसू?"

मग गौतमीनं सगळा स्क्रीनच बटण करून टाकला. लालभडक. कुठंही अंगठा ठेवून तीनपर्यंत मोजायचं, की दोन किलोमीटरच्या आतले सगळे फोन वाजणार. फोटो नाही, नकाशा नाही, वाचायला अक्षर नाही. रेंजची एक काडी असली तरी चालावं इतकं ते हलकं केलं होतं.

राहिला आवाज. नेहमीच्या रिंगटोनकडं कुणी ढुंकून बघेना. तेव्हा गौतमीनं बापाला बांधावर उभं केलं आणि त्याची हाळी फोनमध्ये घेतली. "बिबट्या आलाय होऽऽ, बायापोरं आत घ्या होऽऽ." तो आवाज पहिल्यांदा सविताच्या फोनवर वाजला तेव्हा तिच्या हातातली दुधाची किटली खाली पडली. क्षणभर ती पांढरी पडली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"ह्ये चालंल," ती म्हणाली.

ॲपचं नाव हाळीच ठेवलं. महिनाभरातच शंभूला पाटाच्या चारीच्या कडेला बिबट्या दिसला आणि त्यानं अंगठा दाबला. माळवस्तीच्या सगळ्या फोनांमधनं एकदम बिरदेव ओरडला. बायांनी पोरं आत ओढली, गोठ्यांची दारं लागली, आणि जनावर वस्तीला वळसा घालून निघून गेलं. वर्षभरात असं अकरा वेळा झालं. एक शेळी सोडली तर वस्तीचं काही गेलं नाही. ऐकून ऐकून ते आसपासच्या वाड्यांवरही गेलं, चारशे फोन झाले. इतर दिवशी ते ॲप गप्प असायचं. महिना महिना त्याची कुणाला आठवणही व्हायची नाही, आणि आठवण करून द्यावी असं गौतमीलाही वाटायचं नाही.

मग एका कॉलेजनं पुण्यात ॲपची स्पर्धा ठेवली. गौतमी रजा टाकून गेली. तिथं स्टेजवर चकचकीत पोरंपोरी आपापली ॲपं दाखवत होती. हिची पाळी आली तेव्हा हिनं लाल स्क्रीन दाखवला आणि बापाची हाळी ऐकवली. सभागृह दचकलं, मग टाळ्याही झाल्या. परीक्षकांमधले एक गृहस्थ मोठे सौम्य होते. त्यांनी विचारलं, "लोक हे दिवसातून किती वेळा उघडतात?"

"बिबट्या आला की उघडतात, सर."

लोक हसले, पण त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ते गृहस्थ म्हणाले, "कल्पना छान आहे. पण बाजारात लाखो ॲपं आहेत. त्यांतनं उठून दिसायचं असेल तर माणसानं ते रोज उघडलं पाहिजे. त्याशिवाय त्याला दिवस सुना वाटला पाहिजे. रोज उघडायला तुम्ही त्याला काय कारण देता?"

बक्षीस दुसऱ्याला गेलं. यवतपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून ती त्याच वाक्याशी झगडत राहिली. सव्वीस वर्षांची झाली होती. आठ तास दुसऱ्यानं पाडलेली भोकं मोजत होती. स्वतःचं म्हणावं असं जगात तिच्यापाशी हे एकच होतं, आणि ते चारशे फोनांमध्ये गप्प पडून होतं.

त्याच सुमारास आनंदरावांनी तिला बोलावून घेतलं. आनंदराव म्हणजे गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणतो. माणूस वाईट नव्हे. अडल्यानडल्याला स्वतःच्या गाडीतनं दवाखान्यात नेणारा.

"गौतमी, पोरी, तुझं ह्ये चांगलं हाय," ते म्हणाले. "आपुन बारा गावांत न्हेऊ. पण नुसत्या बिबट्यावर कोण घेईल? कांद्याचा भाव टाक. पाऊसपाणी टाक. माणसाला सकाळी उठल्यावर बघावं वाटलं पायजे."

पुण्यातल्या सौम्य माणसानं आणि गावातल्या आप्पांनी एकच गोष्ट सांगितली होती. दोघंही चुकत असतील असं तिला वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला तसं वाटून घ्यायचंही नव्हतं.

तिनं कांद्याचा भाव टाकला, हवामान टाकलं, दुधाचे दर टाकले. आप्पांच्या माणसांनी गावोगावच्या बैठकांत लोकांच्या फोनवर ॲप घालून दिलं. चारशेचे हजार झाले, हजाराचे पाच, आणि दिवाळीपर्यंत नऊ हजार. सणसवाडीच्या खोलीत ती सकाळी डोळे उघडले की आधी तो आकडा बघायची. कंपनीतल्या साहेबानंही तिला नावानं ओळखायला सुरुवात केली.

भाव आणि हवामानाला तिनं साधी टिंग ठेवली होती. मग आप्पांचा वाढदिवस आला. त्यांचा माणूस म्हणाला, "टिंग वाजली तर कोण बघतंय? ती मोठी हाळी लावा की, एकदाच." गौतमी नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्वतः आप्पांचा फोन आला. "एकदाच, पोरी." बारा गावं त्यांच्यामुळं झाली होती. तिनं लावली. त्या सकाळी नऊ हजार फोनांमधनं बिरदेव ओरडला आणि घाबरून फोन हातात घेतलेल्या माणसांना आप्पांचा हसरा फोटो दिसला. पुढच्या आठवड्यात रक्तदान शिबिराला हाळी गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात ग्रामसभेला. मग कीर्तनाला. एकदा दिली ती दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं नाकारायची?

बिरदेव घरी एवढंच म्हणाला, "माझ्या आवाजाची पार रया गेली गं." तो हसत म्हणाला म्हणून गौतमीही हसली.

एका सुट्टीच्या दिवशी सविता फोन घेऊन अंगणात आली. रुद्र, तिचं आठ महिन्यांचं पोर, कडेवर किरकिरत होतं.

"ताई, ह्याचा आवाज बंद कर बाई. लेकरू डोळा लागला की दचकून उठतंय. परवा कसल्या तरी उद्घाटनाला वरडलं."

गौतमीनं फोन घेतला. भावाची टिंग बंद करून हाळी तेवढी चालू ठेवायची सोय तिनं केलेली नव्हती. बंद करायचं तर सगळंच बंद व्हायचं. कंपनीतलं एक मशीन तिच्या डोळ्यांपुढं आलं. बारीकसारीक कारणानं त्याचा भोंगा वाजायचा म्हणून बिहारच्या एका ऑपरेटरनं त्यावर चिकटपट्टी मारून टाकली होती. तिनं जाब विचारला तेव्हा तो म्हणाला होता, "मॅडम, दिनभर बजता है, तो सुनता कौन है?" तिनंच ते रिपोर्टात लिहिलं होतं. तिला सगळं कळत होतं.

"आज करते बंद," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला नीट करून देते, वैनी. हाळी निराळी करते."

दोन वेळा बोट लावलं आणि आवाज बंद झाला. सविता पोराला थोपटत घरात गेली.

पुढच्या खेपेला कंपनीत ऑडिट निघालं. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तीन आठवडे गेले.

त्या दिवशी गौतमीची दुसरी पाळी होती. फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम. संध्याकाळी पावणेसहाला चहाची सुट्टी झाली, तिनं लॉकर उघडला आणि फोनवर लाल स्क्रीन दिसला. माळवस्ती. नऊ मिनिटांपूर्वी. कीर्तन नव्हतं, वाढदिवस नव्हता; वस्तीवरून कुणीतरी अंगठा दाबला होता. ॲप चालवणारी म्हणून कुठलीही हाळी जागा-वेळेसकट तिच्या फोनवर यायची आणि आतले आकडेही दिसायचे. तिनं ते उघडले. हाळी पाठवली अडुसष्ट फोनांना. वाजली नऊ फोनांवर.

तिनं सविताला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, तेच. मग बापाला लावला.

"व्हय, मीच दाबली," बिरदेव शांतपणे म्हणाला. "बांधावनं बघितला म्या. मोठा हाय. उसात शिरला, आपल्या वैरणीच्या घासाच्या अंगाला. समद्यांना गेली आसंल की आता."

"आण्णा, वैनी कुठंय?"

"आसंल घरात."

"आण्णा, तोंडानं वरडा. आत्ताच्या आत्ता वरडा. कुणाला गेली न्हाई ती."

मग तिच्या कानात तिच्या बापाची खरी हाळी आली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पळता पळता, धापा टाकत. ॲपमध्ये होती तितकी ती मोठी राहिली नव्हती. लॉकररूममध्ये बाया हसत-बोलत चहा पीत होत्या.

सविता घासाच्या वाफ्यात होती. रुद्रला सासूपाशी ठेवून संध्याकाळच्या वैरणीला गेली होती. फोन वाफ्याच्या कडेला पिशवीत होता आणि त्यावर गाणी चालू होती. लोक पोचले तेव्हाही चालू होती. बिबट्या माणसं बघून उसात पळाला. सविता जागच्या जागी गेली होती. डॉक्टर म्हणाले, फार वेळ लागला नसेल. ते सांत्वनासाठी म्हणाले की खरं होतं, ते गौतमीला कधी कळलं नाही.

पुढं जे व्हायचं ते सगळं झालं. हायवेवर रास्ता रोको झाला. आप्पांनी भाषण केलं आणि बोलता बोलता त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. वनखात्यानं तीन पिंजरे लावले. आठव्या दिवशी एकात बिबट्या सापडला. तो तोच होता की दुसरा, हे कुणालाही सांगता येईना. त्याला बघायला आलेल्या गर्दीनं शंभूच्या उसाचा एक कोपरा तुडवून टाकला.

बिरदेव ओसरीत बसून असायचा. कुशाबाई, त्याची बायको, जेवायला हाक मारायची. तो उठायचा, दोन घास खायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. एकदा गौतमी जवळ जाऊन बसली तेव्हा तो आपण होऊन बोलला.

"मी बटण दाबलं आन् गप ऱ्हायलो. उभ्या जन्मात जनावर बघून गप ऱ्हायलो न्हवतो. बांधावनं घास हाकंच्या टप्प्यात, मधी नुसता ऊस. नुसतं तोंड उघडलं आसतं तरी तिला ऐकू गेलं आसतं."

"आण्णा, तुमची चूक न्हाई."

"मग कुणाची?"

गौतमीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण तिनं ते बापाला दिलं नाही. ते ऐकायचा हक्क आधी शंभूचा, असं तिला वाटलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंगण ओलांडून गेली. शंभू जनावरांना पाणी दाखवत होता.

"दादा, वैनीच्या फोनचा आवाज मी बंद केलेला," ती म्हणाली. "रुद्र उठतोय म्हणून तिनं सांगितलं आन् मी केला. नीट करून देते म्हणले, आन् ऱ्हाऊन गेलं."

शंभूनं बादली खाली ठेवली. बराच वेळ तो म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. तो ओरडेल, शिव्या घालेल, निदान रडेल, असं गौतमीला वाटत होतं. त्याला सामोरं जायची तयारी करूनच ती आली होती.

"तू सांगितलं नस्तंस तर बरं झालं आसतं," तो म्हणाला. "आतापतुर मी बिबट्याला शिव्या देत हुतो."

तो बादली उचलून आत गेला.

त्या आठवड्यात गौतमीनं ॲपमधनं सगळं काढून टाकलं. भाव, हवामान, दुधाचे दर, फोटो, सगळं. पुन्हा पहिल्यासारखा लाल स्क्रीन तेवढा ठेवला. मग ती वस्तीवर घरोघर गेली, लोकांचे फोन मागून घेतले आणि हाळीचा आवाज चालू करत सुटली. कुणी मुकाट्यानं फोन दिला. कुणी म्हणालं, आता काय उपेग. आठव्या-नवव्या घरात सोजराबाई नावाच्या म्हातारीनं फोन दिलाच नाही. "नगं बाई," ती म्हणाली, "तो आवाज वाजला की मला सविता दिसंल." गौतमी त्या उंबऱ्यावरनंच मागं फिरली. पुढच्या घरांत गेली नाही.

बारा गावांतनं मात्र तक्रारी येऊ लागल्या. लोक ॲपखाली लिहीत होते: कांद्याचा भाव दिसत नाही, एक स्टार. आधी चांगलं होतं, आता नुसतं लाल दिसतं, काही कामाचं नाही. अपडेट करून वाट लावली. खोलीवर बसून तिनं सगळ्या ओळी वाचल्या. नऊ हजारांचा आकडा रोज खाली येत गेला, सहा, चार, अडीच. तो चढत होता तेव्हा ती जितक्या वेळा बघायची, तितक्याच वेळा ती तो आता बघायची. शेवटी एका सकाळी तिनं ॲप बाजारातनं काढून टाकलं आणि ज्या सर्व्हरवर ते चालायचं तोही बंद केला. आप्पांनी पुण्याच्या कंपनीकडनं नवं ॲप करून घेतलं. त्यात भाव आहेत, हवामान आहे, बिबट्याचंही एक बारीक चिन्ह आहे, खालच्या कोपऱ्यात.

माळवस्तीवर आता बाया एकट्या वैरणीला जात नाहीत. तिघीचौघी मिळून जातात, बिबट्या मान धरतो म्हणून काही जणी गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात आणि एकीनं उभं राहून सारखं उसाकडं बघायचं, अशी वाटणी आहे. काम निम्म्यानं होतं. बिरदेव त्यांच्या बरोबर जातो, बांधावर उभा राहतो, पण त्या संध्याकाळी त्याचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणतात घशात काही दोष नाही.

शंभूनं जमीन वाट्यानं दिली आणि पोराला व आईला घेऊन यवतला राहायला गेला. तिथं तो टेम्पो चालवतो. गौतमी अजून सणसवाडीलाच आहे. भोकं मोजते, सही करते. हुशार आहे, सॉफ्टवेअरमध्ये बदली घे, असं साहेब दोनदा म्हणाले. तिनं दोन्ही वेळा मान हलवून नको म्हटलं.

मागच्या महिन्यात यवतच्या स्टँडवर ती एसटीची वाट बघत होती. समोरच्या दुकानातनं शंभू बाहेर आला, बोट धरून रुद्र. पोर आता चालायला लागलंय. त्यानं गौतमीकडं बघितलं, अनोळखी माणसाकडं बघतात तसं, आणि हातातलं बिस्कीट पुढं केलं. ती एक पाऊल पुढं झाली. शंभूनं तिला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यानं पोराला उचलून कडेवर घेतलं, टेम्पोत बसवलं आणि गाडी सुरू केली.

एसटी आली. कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा कुठं तिच्या तोंडातनं गावाचं नाव निघालं.